नावातील एक अक्षर : ‘हुआ’

फैजपूरच्या अधिवेशनाची हकिकत आमच्या परिसरातील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. त्या पक्षाविषयी आमच्या वाचकांची मते निरनिराळी असतील आणि त्याला सबळ कारणेही आहेत. तो विषय येथे नाही. त्या अधिवेशनापासून निघून दूर चीनपर्यंत गेलेला एक धागा मात्र सहसा कोणी उलगडून दाखवीत नाही. तो धागा एका अक्षराचा आहे, आणि तेच या लेखाचे प्रयोजन आहे.

फैजपूरला स्वीकारलेले अध्यक्षपद नेहरूंकडे १९३८ च्या आरंभापर्यंत होते. मधल्या काळात, जुलै १९३७ मध्ये, जपानने चीनवर उघड युद्ध लादले. चिनी सेनेजवळ औषधे नव्हती आणि शस्त्रक्रिया करणारे वैद्यही नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सेनापती चू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढे सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झाले, निधी गोळा झाला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. पथकप्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे सहकारी. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

चीनमध्ये पोहोचल्यावर या पाचही जणांची नावे बदलली. वस्तुतः ‘बदलली’ म्हणण्यापेक्षा ‘नव्याने बांधली’ म्हणणे अधिक योग्य होईल. परकीय नाव चिनी लिपीत जसेच्या तसे उतरत नाही. आपल्या देवनागरीतील अक्षराला ध्वनी असतो, स्वतंत्र अर्थ नसतो. चिनी अक्षराला ध्वनीही असतो आणि अर्थही असतो. त्यामुळे ‘कोटणीस’ हा शब्द लिहावयाचा तर ध्वनीशी जुळणारी चार अक्षरे शोधावी लागतात, आणि त्या प्रत्येकासोबत एकेक अर्थ आपोआप नावात येऊन बसतो. शिवाय चिनी नाव सामान्यतः दोन किंवा तीन अक्षरांचे असते, त्यात आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर. म्हणून ‘के-दि-नि-सि’ यातील पहिली दोन अक्षरे ठेवून तिसरे एक नवे अक्षर जोडण्यात आले आणि नाव झाले ‘के दिहुआ’. अटल झाले ‘आय देहुआ’, चोळकर ‘च्वो केहुआ’, बसू ‘बा सुहुआ’ आणि मुखर्जी ‘मु केहुआ’. मराठीतील हे लेखन अर्थातच अंदाजाचे आहे. चिनी स्वरांचे चढउतार आपल्या मात्रांत मावत नाहीत. शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे प्रमुख प्राध्यापक तान युन-शान यांनी ही नावे दिली, असे या पथकाच्या इतिहासात सांगितले जाते.

पाचही नावांच्या शेवटी एकच अक्षर आहे, ते म्हणजे ‘हुआ’. ते त्यांपैकी कोणाच्याही मूळ नावात नव्हते. ध्वनीच्या गरजेतून ते आलेले नाही. अर्थासाठी ते मुद्दाम जोडले गेले. तो अर्थ कोणता, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

हे अक्षर मुळात फुलाचे चित्र आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या काशाच्या पात्रांवरील लेखांत त्याचे जे रूप आढळते, त्यात एका देठाच्या दोन्ही बाजूंना फुलांनी लवलेल्या डहाळ्या दिसतात. पुढे लेखनाला शिस्त लागली तेव्हा डोक्यावर गवताचे चिन्ह आले. वनस्पतींशी संबंध असलेल्या बहुतेक चिनी अक्षरांच्या माथ्यावर हे चिन्ह असते. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन या पंडिताने चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश रचला. त्याने या अक्षराचा अर्थ बहर, भरभराट असा दिला आहे. फुलापासून बहर, बहरापासून शोभा, शोभेपासून तेज आणि वैभव, असा हा अर्थाचा प्रवास आहे. मराठी माणसाला तो परका वाटू नये. आपणही ‘संसार फुलला’, ‘कळी खुलली’ असे म्हणतोच.

याच वैभवाच्या अर्थाने चिनी लोकांनी हे अक्षर स्वतःला लावून घेतले. ‘हुआ’ म्हणजे चिनी लोक, चिनी संस्कृती, चीन. सातव्या शतकातील एका भाष्यकाराने याचे कारण वस्त्रालंकारांची शोभा असे सांगितले. काही अभ्यासक ‘हुआ’ नावाच्या पर्वताकडे बोट दाखवितात. कारण कोणतेही असो, आज बीजिंगच्या आणि तैपेईच्या अशा दोन्ही सरकारांच्या अधिकृत नावांत हे अक्षर आहे. ज्या गोष्टींवर त्यांचे एकमत होते त्या थोड्या आहेत, पण हे अक्षर त्यांत मोडते.

व्यक्तिनामांतही त्याची चलती मोठी आहे. मुलीच्या नावात ते आले तर बहुधा फुलाचा, सौंदर्याचा अर्थ घेतला जातो. विसाव्या शतकात जन्मलेल्या मुलांच्या नावांत देशाचा अर्थ प्रबळ दिसतो : ‘ज्येनहुआ’ म्हणजे चीन उभारणारा, ‘आयहुआ’ म्हणजे चीनवर प्रेम करणारा. एका पिढीची नावे वाचली तरी त्या पिढीच्या आईबापांनी काय आशा बाळगली होती ते कळते. आमच्याकडे पहा. कचरू, धोंडू, दगडू अशी नावे असलेल्या आजोबांच्या घरात १९५६ नंतर सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, प्रज्ञा, सुजाता आल्या. दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली जुनी नावे अनेक जातींत होती हे खरे. पण ज्यांना गाव आधीच तुच्छ लेखीत होते त्यांच्या कपाळी ती नावे वेगळ्या तऱ्हेने चिकटत, हेही तितकेच खरे.

आडनाव म्हणूनही हे अक्षर येते, तेव्हा त्याचा उच्चार किंचित बदलतो. या आडनावाचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष एक वैद्य होता, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. हुआ थुओ हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकालात होऊन गेला. रुग्णाला गुंगीचे औषध पाजून तो पोट उघडून शस्त्रक्रिया करीत असे, अशी त्याची ख्याती आहे. आजही चीनमध्ये निष्णात डॉक्टरचे कौतुक करताना ‘हुआ थुओ पुन्हा जन्मला’ असे म्हणतात. पाच परदेशी डॉक्टरांच्या नावांत हे अक्षर दिसल्यावर एखाद्या जखमी शेतकऱ्याला त्या जुन्या वैद्याची आठवण झाली असेल, तर नवल नाही.

या अक्षराला एक उणी बाजूही आहे. फूल म्हणजे शोभा, आणि शोभा नुसतीच असू शकते. प्राचीन चिनी ग्रंथांपासून चालत आलेला एक वाक्प्रचार आहे : ‘हुआ’ आहे पण फळ नाही. ज्याचे बोलणे देखणे आणि करणी शून्य, त्याला हा शब्द लावतात. आमच्या वाचकांना येथे धम्मपदाचा चौथा वर्ग, पुप्फवग्ग, आठवेल. तेथे आचरणाविना असलेल्या सुभाषिताला रंगाने सुंदर परंतु गंधहीन फुलाची उपमा दिली आहे. दोन्ही दृष्टांत स्वतंत्रपणे, भिन्न भूमीत जन्मले आणि तरीही एकाच ठिकाणी येऊन पोहोचले.

नावाला फळ हवे, हा विचार आम्हांस आणखी एका ठिकाणी भेटतो. फैजपूरच्या अधिवेशनाच्या सात महिने आधी, ३१ मे १९३६ रोजी, मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे’ हे प्रसिद्ध भाषण केले. त्यात त्यांनी नावाच्या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. नाव ही क्षुल्लक बाब नव्हे. परंतु जुन्याच व्यवस्थेत राहून चोखामेळा, हरिजन अशी नुसती नावे घेतल्याने काहीही बदलत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. नव्या नावामागे नवे जीवन असले पाहिजे. हे भाषण आमच्या वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे.

आता बौद्ध ग्रंथांकडे वळू, कारण ‘हुआ’ अक्षराचे मूळ फूल जर कोठे टवटवीत राहिले असेल तर ते तेथेच. पुढच्या काळात चिनी लोकांनी फुलासाठी आणखी एक सोपे अक्षर वापरात आणले आणि जुन्या अक्षराकडे मुख्यतः वैभव आणि देश हे अर्थ उरले. बौद्ध अनुवादांनी मात्र फुलाचा अर्थ सोडला नाही. इसवी सन ४०६ मध्ये कुमारजीवाने चांगआन नगरीत ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राचा चिनी अनुवाद पूर्ण केला. त्याच्या पाच अक्षरी शीर्षकातील चौथे अक्षर ‘हुआ’ आहे : तिसरे म्हणजे कमळ आणि चौथे म्हणजे फूल. हीच पाच अक्षरे जपानात गेली व तेथील उच्चारात ‘म्योहो रेंगे क्यो’ झाली. त्यातील ‘गे’ म्हणजेच आपले ‘हुआ’. मुंबईत वरळीला निप्पोन्झान म्योहोजी पंथाचे बुद्धमंदिर आहे. तेथील डफावरच्या तालात ‘नमु म्योहो रेंगे क्यो’ हा घोष ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी हे अक्षर नकळत ऐकलेच आहे. ‘अवतंसक’ सूत्र व त्यावर उभा राहिलेला संप्रदाय चिनी भाषेत ‘हुआयेन’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे फुलांनी केलेला अलंकार.

सर्वांत जवळचे उदाहरण आमच्या दाराशी आहे. आमची मुले अजिंठ्याला सहलीला जातात आणि पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर थांबतात. ‘ज्याच्या हाती पद्म आहे तो’, हे नाव चिनी अनुवादकांनी ‘ल्येनहुआशोउ’ असे केले : कमळ, फूल, हात. मान किंचित कललेल्या त्या बोधिसत्त्वाच्या बोटांत जे फूल आहे, ते या अक्षराच्या अर्थाचे याहून चांगले चित्र आम्हांस तरी सुचत नाही.

एवढे समजून घेतल्यावर पुन्हा त्या पाच नावांकडे पाहू. चीनमध्ये सख्ख्या आणि चुलत भावंडांच्या नावांत एक समान अक्षर ठेवण्याची जुनी रीत आहे. ते अक्षर पिढी सांगते. नाव ऐकताच ही एका घरची मुले, हे कळते. आय देहुआ, च्वो केहुआ, के दिहुआ, बा सुहुआ, मु केहुआ ही नावे एका ओळीत वाचली तर चिनी कानाला ती पाच भावांची वाटावीत. अलाहाबाद, नागपूर, सोलापूर, कलकत्ता. भाषा निराळ्या, जाती निराळ्या, आणि नावाचा शेवट एक.

कोटणीसांच्या नावात तर याहून खोल असा एक अर्थ आहे. ‘के’ हे प्रचलित चिनी आडनाव आहे. मधले ‘दि’ हे अक्षर एका फुलझाडाचे नाव आहे. चीनच्या प्राचीनतम काव्यसंग्रहात, म्हणजे ‘शिचिंग’मध्ये, या झाडाच्या फुलांवर एक कविता आहे. तिचा विषय भावाभावांचे प्रेम हा आहे : संकटात धावून येतो तो भाऊच. त्या कवितेमुळे ‘दिहुआ’, म्हणजे त्या झाडाची फुले, हा जोडशब्द चिनी साहित्यात दोन हजार वर्षे ‘बंधू’ या अर्थाने वापरला गेला. ‘दि’ हे अक्षर ‘कोटणीस’मधील ‘ट’साठी आले आणि ‘हुआ’ देशासाठी आले. ती दोन एकत्र आल्यावर मात्र नावातून ‘भाऊ’ हा अर्थ उमटला. नाव देणाऱ्याच्या मनात तो होता की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सुशिक्षित चिनी वाचकाला तो ऐकू येणारच.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक येनानला पोहोचले. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीसांना चीनमध्येच कळली; ते परतले नाहीत. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी आले, पुढे अटलही आले. कोटणीस व बसू आघाडीवरच्या प्रदेशात गेले. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. रुग्णालय हा शब्द वाचून इमारत डोळ्यांसमोर आणू नये. शत्रू जवळ आला की रुग्ण, हत्यारे, औषधे सारे उचलून डोंगरातील दुसऱ्या खेड्यात जावे लागे. ते चिनी भाषा शिकले, तिच्यातून व्याख्याने देऊ लागले, तरुण परिचारकांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. गावकरी त्यांना ‘के दायफू’ म्हणत. दायफू म्हणजे डॉक्टर. चारचौघांसारखे आडनाव, चारचौघांसारखी हाक. नाव रुजले याची याहून मोठी खूण कोणती असावी?

१९४१ च्या अखेरीस त्यांनी त्याच रुग्णालयातील क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. ‘यिन’ हे ‘यिंदू’ या शब्दाचे पहिले अक्षर, आणि यिंदू म्हणजे भारत. भारतासाठी हा शब्द रूढ करणारा प्रवासी, सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग होय. त्याने या शब्दाचा अर्थ चंद्र, इंदू, असा लावला होता. ‘यिन’ या अक्षराचा स्वतंत्र अर्थ मात्र मुद्रा, शिक्का असा आहे. बुद्धमूर्तीच्या हाताची जी मुद्रा आपण म्हणतो, तिलाही चिनी भाषेत हेच अक्षर आहे. तेव्हा यिनहुआ म्हणजे भारत आणि चीन; आणि अक्षरशः वाचले तर मुद्रा आणि फूल.

बापाचा देश व आईचा देश जोडून मुलाचे नाव करणे ही कल्पना नवी वाटेल, परंतु बौद्ध इतिहासात तिला जवळचा एक पूर्वज आहे. वर उल्लेखिलेला कुमारजीव हा भारतीय पिता आणि कुचा देशाची राजकन्या यांचा पुत्र. पित्याचे नाव कुमारायण, मातेचे जीवा, आणि या दोहोंतून ‘कुमारजीव’ झाले, असे परंपरा सांगते. ज्याने ‘हुआ’ हे अक्षर सद्धर्मपुंडरीकाच्या शीर्षकात लिहिले, त्याचे स्वतःचे नाव असे दोन भूमींतून आलेले होते.

कोटणीसांना मुलाच्या नावाने हाक मारण्याचे सुख साडेतीन महिनेच लाभले. त्यांना अपस्माराचे झटके येत असत. अन्नाची टंचाई आणि विश्रांतीचा अभाव यांत ते वाढत गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांतातील गकुंग या खेड्यात त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. माओ त्से-तुंग यांनी स्वहस्ते शोकलेख लिहिला. भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. जुन्या पिढीला कोटणीस ठाऊक झाले ते बहुधा त्यामुळेच. पण चित्रपटाने ‘कोटणीस’ लोकांपर्यंत पोहोचविले, ‘के दिहुआ’ नव्हे.

यिनहुआनेही वैद्यकाचा अभ्यास हाती घेतला होता. १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच, त्याचाही मृत्यू झाला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि सासरच्या माणसांना भेटण्यासाठी त्या अनेकदा भारतात आल्या.

अक्षराचे रूप मात्र मधल्या काळात पालटले. १९५६ मध्ये चीन सरकारने लेखन सुलभ करण्यासाठी अनेक अक्षरांची नवी रूपे जाहीर केली. ‘हुआ’च्या डोक्यावरचे गवत आणि खालच्या लवलेल्या डहाळ्या गेल्या. त्यांच्या जागी वर ‘बदल’ या अर्थाचे एक अक्षर आले, ते केवळ ध्वनी जुळतो म्हणून, आणि खाली एक साधी फुली. एकूण सहा रेघा. लहान मुलाला ते पाच मिनिटांत गिरविता येते. आमच्या दृष्टीने त्यात चित्राची हानी झाली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने लाभ झाला, आणि निरक्षरांच्या देशात दुसऱ्याचे पारडे जड ठरावे हे आम्ही मान्य करतो. तैवान व हाँगकाँगमध्ये जुने, फुलांचे रूप अद्याप चालते.

शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. आमच्यापैकी कोणी पुढे शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी चीनला गेला आणि त्याने तेथील लोकांना ‘कोटणीस’ कोठे आहेत असे विचारले, तर बहुतेकांना काही उमगणार नाही. ‘के दिहुआ’ म्हणून विचारावे; वाट दाखवितील.